लालासाहेबांचा फॅक्स

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सांगलीत विश्रामबागेला कॉलेजच्या रस्त्यावर आठ वर्षं एसटीडी, झेरॉक्स आणि फॅक्सचं दुकान चालवून बघा, तुमचाही होईल. दिवसभर माणसं येऊन तेच तेच विचारतात, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मला आईशीसुद्धा बोलावंसं वाटत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात माझं फॅक्स मशीन जळालं. वळवाच्या पावसात वीज कडाडली, फोनच्या तारेतून आत आली आणि मशीनमधून धूर निघाला. माझा धाकटा भाऊ कुणाल पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला होता. तो म्हणाला, "मायाताई, नवं मशीन कशाला? दुकानातल्या कॉम्प्युटरला मोडेम लावतो, तोच फॅक्स पाठवेल." दोन दिवस राहून त्यानं कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, कुठल्या वेळी काय टाइप करायचं ते एका वहीत लिहून दिलं आणि रविवारच्या गाडीनं निघून गेला. ती वही माझ्या उरावर बसली.

मोडेम म्हणजे पुढं लाल दिवे असलेला एक काळा डबा. फोन लावताना तो असा किंचाळायचा की गिऱ्हाइकं कान झाकून घ्यायची. शेजारचा औषधवाला दोनदा येऊन बोलून गेला. शेवटी वहीत शोधून मी त्याचा आवाजच बंद करून टाकला. दुकान शांत झालं आणि मला फार बरं वाटलं. महिनाभर त्यानं मुकाट काम केलं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची फॅक्स मशीनं आपोआप फोन उचलतात आणि कागद घेतात, त्यामुळे कधी अडलं नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी दीडला लालासाहेब आले. सत्तरीला टेकलेले, टोपी, पांढरा सदरा, पाठ मात्र ताठ. वडूजजवळच्या गावचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद असा काढला की जणू तो ओला आहे.

"बाई, ह्यो कागद फ्याक्स करायचा हाय. पोराच्या पलटनीच्या हापिसात. चारच्या आत पोचला पायजे."

त्यांची सून पूजा सांगलीत दवाखान्यात होती. सातव्या महिन्यातच मोकळी झाली होती. मुलगी झाली होती, काचेच्या पेटीत ठेवली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते की चार-पाच दिवस निघाले तर पुढचं बघू. त्यांचा मुलगा वीरधवल वर बर्फातल्या चौकीवर.

"तार नाही केली?" मी विचारलं.

"केली की. पन तार कोन खरी मानतंय? 'सीरियस हाय, लवकर या', आशा तारा तितं रोज ढिगानं येत्यात. मी बी नोकरीत आसताना एक खोटी मागवली व्हती." ते जरा ओशाळून हसले. "म्हनून डाक्टरचा कागद घेतला, सकाळी वडूजला जाऊन तहसीलदाराचा शिक्का मारला आन तसाच यष्टीनं माघारी आलो. हापिसात कागद दिसला की ते वायरलेसनं वर कळवनार. चौकीवरनं गाडी चारला खाली सुटती. आजची चुकली तर मग शुक्रवारी."

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. "बसा."

ते स्टुलावर बसले. मी कागद स्कॅन केला, नंबर टाकला, आज्ञा दिली. मोडेमचे दिवे लुकलुकले. मिनिटभरानं स्क्रीनवर ओळ आली, नो कॅरियर. म्हणजे समोर फॅक्सचा सूर सापडला नाही. नंबर चुकला असेल म्हणून कागदावरचा आकडा न् आकडा पडताळून मी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"बाई, तिकडं कुनी..." लालासाहेब म्हणाले.

"एक मिनिट, बाबा."

मी वही उघडली. कुणालचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यात लिहिलं होतं, असं झाल्यास वेग कमी करून बघणे. बघितला. मग मोडेमची वायर काढून फुंकर मारून परत खोचली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि तो उठेपर्यंत पंख्याकडं बघत बसले. तिसरी खेप, चौथी खेप. नो कॅरियर. उकाडा असा की बोटं कीबोर्डला चिकटत होती.

"बाई, मी काय म्हनतो, तितं फोन कोन..."

"बाबा, हे मशीनचं काम आहे!" मी खेकसले. "तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका, माझं चुकतं."

ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले. साहेबासमोर शिपाई बसतो तसे. मला ते दिसलं, आणि तरीही मी वहीत डोकं घातलं.

अडीचला लाइट गेली. ती तीन वाजून दहा मिनिटांनी आली. मधल्या वेळात त्यांनी एकदाच, अगदी हळू विचारलं, "स्टँडाकडं दुसरं दुकान आसंल तर जाऊन यिऊ का?"

"या उन्हात कुठं जाता? आणि तिथली मशीनं काय वेगळी आहेत?"

वेगळी होती. तिथं रिसीव्हरची जुनी मशीनं होती. पण मला तेव्हा ते काम माझ्याच हातून व्हायला हवं होतं. आमचे वडील माधवनगरला गिरणीत होते. बिघडलेला माग सोडून ते कधी जेवायला उठले नाहीत, आणि हे मला लहानपणी फार मोठं वाटायचं. आता वाटतं, कधीकधी उठावं.

पुण्याला कुणालला फोन लावला. तो जागेवर नव्हता. साडेतीनला सापडला तर म्हणाला, लाइनवर खरखर असेल, सुरुवातीची आज्ञा बदलून बघ. त्यानं अक्षरं सांगितली, मी लिहून घेतली, टाइप केली. पाचवी खेप, सहावी खेप. चार वाजून पाच मिनिटांनी सातवी. नो कॅरियर.

मी वही आपटली आणि डोकं धरून बसले. रडू येत होतं, ते रागाचं होतं की दमल्याचं, मला कळत नव्हतं.

लालासाहेब स्टुलावरून उठले. "बाई, रागावू नका. पन आमच्या हापिसातनी फोनची आन फ्याक्सची लाइन एकच आसती. घंटी वाजली की कारकून उचलतो. आपन म्हनायचं, फ्याक्स टोन द्या. मग ते बटन दाबतंय. तुमच्या मशीनकडनं तसं बोललं कोन?"

आठ वर्षं, दिवसातून वीस-वीस वेळा, जुन्या मशीनचा रिसीव्हर कानाला लावून मी हेच वाक्य म्हणत होते. हॅलो, फॅक्स टोन द्या. झोपेत उठवलं तरी म्हटलं असतं. मशीन जळालं आणि त्याच्याबरोबर ते वाक्यही माझ्या डोक्यातून गेलं. आणि समोरच्याचं हॅलो ऐकू येईल असा मोडेमचा आवाज, तो मीच बंद केला होता.

मी फोन उचलला आणि नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटीला कुणीतरी उचलला. "हां जी, कौन है भाई? दोपहर से कौन सीटी बजा रहा है?"

"भाईसाब, फॅक्स टोन दीजिए."

"तो बोलना चाहिए ना," तो म्हणाला, आणि लगेच सूर आला. नंबर न लावता नुसती लाइन पकडायची आज्ञा कुणालच्या वहीत शेवटच्या पानावर होती. ती दिली. मिनिटभरात कागद गेला. तेव्हा चार पंचवीस झाले होते.

खात्रीसाठी मी परत फोन केला. कागद मिळाला, शिक्का नीट दिसतोय, रजा मंजूर होईल, असं तो म्हणाला. "लेकिन चार बजे की गाड़ी निकल गई, बहनजी. अब शुक्रवार को."

मी लालासाहेबांना सांगितलं. ते "शुक्रवार" एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा एकदा म्हणाले. मग टोपी नीट केली. "गेला न्हवं कागद? झालं मग. बाई, कितीदा फोन लावला, त्येचा कागद निघंल का? पोराला दावाया. बापानं हातपाय हलवलं न्हाईत, आसं त्येला वाटाया नको."

मी नोंदीचा कागद छापून दिला. सात खेपांच्या सात ओळी आणि खाली आठवी. प्रत्येक ओळीत वेळ, आणि समोरून फोन किती सेकंद उचलून धरला होता ते. त्यांनी त्याची घडी घालून पिशवीत ठेवली, मला हात जोडले आणि उन्हात निघून गेले.

वीरधवल सोमवारी संध्याकाळी सांगलीला पोचला. मुलगी रविवारी पहाटे गेली होती. मंगळवारची गाडी मिळाली असती तर तो शुक्रवारी पोचला असता. हे मला औषधवाल्याकडून कळलं, कारण लालासाहेब त्याच्याकडून औषधं न्यायचे. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आईनं काय झालं विचारलं, तर तिच्यावरही ओरडले.

दहा दिवसांनी बापलेक दुकानात आले. पूजाला बरं वाटत होतं, दुसऱ्या दिवशी तिला गावी नेणार होते. वीरधवल उंच, उन्हाबर्फानं काळवंडलेला, दाढी वाढलेली. लालासाहेबांनी मटकीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"रानातली हाय. घ्या. ह्या बाईंनी तुज्यासाठी लय खटपट केली रं. सात डाव फोन लावला. दाव त्यो कागद."

वीरधवलनं खिशातून कागद काढला. घड्या पडून मऊ झाला होता. तो सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे फोन-वायरलेसच्या कामावर होता, हे तो ओळी वाचू लागला तेव्हाच मला कळलं. त्याचं बोट पहिल्या ओळीवर होतं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सातव्या ओळीवर ते थांबलं. त्यानं मोडेमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कागदाची घडी घातली.

"उन्हाळ्यात लाइनी खराब असत्यात, आबा," तो म्हणाला. "बाईंचा काय इलाज न्हवता."

मी गप्प बसू शकले असते. त्यानं मला वाट करून दिली होती. पण दहा दिवस ती गोष्ट एकटीनं सांभाळून मी थकले होते.

"लाइन चांगली होती," मी म्हटलं. "सातही वेळा तिकडं फोन उचलला होता. तुमचे वडील पहिल्यापासून तेच सांगायला बघत होते. मी त्यांना बोलू दिलं नाही. चूक माझी आहे."

वीरधवलनं कागद खिशात ठेवला. रस्त्यावरून पोरींच्या सायकली गेल्या. मग लालासाहेब त्याच स्टुलावर बसले.

"मला ठावं हाय, बाई," ते म्हणाले. "त्याच दिशी ठावं व्हतं. पन तुमचं एकटीचं न्हाई ते. अठरा वर्सं पलटनीत हुकूम सोडलं म्या. आन नातीसाठी एका बाईम्होरं मोठ्यानं बोलाया माझं तोंड उघडलं न्हाई."

वीरधवलनं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला आबा," तो म्हणाला. ते उठले नाहीत. मी माठातलं पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं, वीरधवल पायरीवर टेकला, आणि मीही माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.