दीड सेकंद

“आई, द्या इकडे, मी भरते,” म्हणत सुनेने, अपूर्वाने, मासेमारी स्पर्धेचा फॉर्म ओढला. दीपमालाबाईंनी तो सोडला नाही. कागदाचा कोपरा तेवढा अपूर्वाच्या हातात राहिला.

“राहू दे तो तुझ्याकडे,” दीपमालाबाई म्हणाल्या. “उरलेला मला पुरेल.”

मुलाने, सलिलने, लॅपटॉप मिटला. “आई, हे खडकवासला नाहीये. किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत, समुद्रात. प्रॉपर डीप सी. बोट सारखी हलते आणि तुझा हात...”

“बोटच हलते ना? मग माझ्या हाताकडे कोण बघतंय?”

बासष्ट वर्षांच्या दीपमालाबाईंनी एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात काढली होती. चिमट्यात तांदळाएवढी स्प्रिंग धरायची, भिंगाखाली फिरवायची, खराब असेल तर लाल डब्यात टाकायची. वडीलही त्याच कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी मुळा नदीच्या काठावर त्यांनीच लेकीला गळ टाकायला शिकवलं. कारखान्यात जो हात कधी हलला नाही, तो निवृत्तीनंतर दोन वर्षांत थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरच्यांनी मदत सुरू केली. वरणाची वाटी, औषधाची बाटली, ब्लाउजचं बटण. जिथे पाहावं तिथे कुणीतरी हात पुढे करून उभं. प्रेमानेच. त्यामुळे रागावताही येईना.

स्पर्धेची बातमी आणली आनंदीने. सदाशिव पेठेतली ही गणिताची निवृत्त शिक्षिका, पक्की शाकाहारी. दीपमालाबाई, ती आणि मांजरी गावची यमुनाबाई अशा तिघी आठ वर्षं दर रविवारी धरणाच्या काठावर गळ टाकून बसत. मासा खात नाहीस तर पकडतेस कशाला, असं कुणी विचारलं, की आनंदी म्हणायची, “विद्यार्थी तरी मी कुठे खात होते?”

तिने मोबाइलवर नियम वाचून दाखवले. त्यातला एक दीपमालाबाईंनी पुन्हा वाचायला लावला. मासा एकदा लागला, की रॉडला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर मासा बाद.

“माझं नाव घाल,” त्या म्हणाल्या. मदत करायला बंदी असलेली जागा त्यांना पहिल्यांदाच सापडली होती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी दापोलीकडच्या एका बंदरातून त्यांची बोट निघाली. बोट चालवणारा तांडेल, तिघी आणि पंच म्हणून अभिनव नावाचा तिशीचा तरुण. आठवडाभर हिंजवडीत कंपनीत, शनिवार-रविवार समुद्रावर, असा.

अकराच्या सुमाराला दीपमालाबाईंचं रीळ किंचाळलं. दोरी सरसर निघाली. कमरेच्या पट्ट्यात रॉड रोवून त्या उभ्या राहिल्या. मासा पळाला की सोडायचं, दमला की ओढायचं. दहा मिनिटांत खांदे भरून आले, वीस मिनिटांत दिसेनासं झालं. हात असा थडथडत होता, की रिळाची मूठ सापडत नव्हती. अखेर पाण्यात चंदेरी पाठ चमकली, आणि त्याच वेळी बोट एका लाटेवरून आदळली. त्यांचा गुडघा टेकला, रॉड सुटला.

यमुनाबाईने झडप घालून तो धरला, त्यांच्या हातात कोंबला आणि मागे झाली.

पाच मिनिटांनी तांडेलाने आकडी लावून सुरमई वर घेतली. अठरा किलो! शेजारच्या बोटींवरून शिट्ट्या आल्या. पहिला नंबर कुठे जात नव्हता.

“रॉडला हात लागला,” दीपमालाबाई धापा टाकत म्हणाल्या. “लिहा.”

अभिनवने त्यांच्या हातांकडे पाहिलं. “काकू, मी घड्याळ बघत होतो. मला काही दिसलं नाही.”

ते पाहणं दीपमालाबाईंना चांगलंच ओळखीचं होतं. “मी सांगतेय ना! लिहा.”

“आगं, येड लागलंय का तुला?” यमुनाबाई उसळली. “दीड सेकंद लागला आसंल माजा हात! पडत हुतीस म्हनून धरला.”

“घरी सगळ्यांचा दीड-दीड सेकंदच लागतो, यमुना.”

मग आनंदी म्हणाली, “लिहा हो. एकतीस वर्षं खोटा माल पास केला नाही बाईंनी. आता तुम्ही शिकवणार?”

अभिनवने लिहिलं.

सुरमई तांडेलाच्या घरी गेली. यमुनाबाई रात्री पाठ फिरवून जेवली. दीपमालाबाईंना मोह झाला नव्हता असं नाही. अठरा किलो! अंथरुणावर पडल्या तरी मनगटात त्या माशाची ओढ जाणवत होती.

रविवारी यमुनाबाई बोटीवर चढली, ती हात पाठीमागे बांधूनच. दुपारी दोनपर्यंत समुद्र गप्प होता. स्पर्धा संपायला तास उरला असताना दीपमालाबाईंच्या दोरीला झटका बसला. आज त्या आपणहून गुडघ्यावर बसल्या, कोपर बरगडीत रुतवलं. काल हात आवरण्यातच अर्धी ताकद गेली होती. आज त्यांनी त्याला खुशाल थरथरू दिलं. हात थरथरत होता आणि रीळही फिरत होतं.

“ये, मुडद्या, ये वर!” यमुनाबाई माशाला शिव्या घालत होती, पण हात पाठीमागेच.

निघाला तो कुपा मासा. चार किलोला थोडा कमी.

धक्क्यावर वजन झालं. अभिनवने फळ्यावर नाव लिहिलं: दीपमाला, एकोणिसावा क्रमांक. सत्तावीस जणांत. खाली उतरवलेला मासा दीपमालाबाईंनी शेपटीकडून दोन्ही हातांनी उचलला, तसे रांगेतले दोघे-तिघे पुढे सरसावले. “आजी, द्या, आम्ही नेतो गाडीपर्यंत.”

यमुनाबाई आडवी आली. “लांब ऱ्हावा. बाद व्हईल.”

ते हसत बाजूला झाले. दीपमालाबाई धक्क्यावरून एकट्या चालू लागल्या. त्यांच्या हातात मासा असा थरथरत होता, की समोरून येणाऱ्याला वाटावं, तो अजून जिवंत आहे.