शमिकाचा हातगुण

शुक्रवारी संध्याकाळी पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या लाइनमध्ये स्कूटर लावायला जागा उरली नव्हती. माझ्या भावाच्या, अंबरीशच्या क्वार्टरच्या व्हरांड्यापासून कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. काहींनी नारळही आणले होते, पण मुख्य नैवेद्य मोबाईलचा. जन्मभर कारखान्यात अवजड यंत्रं जुळवून रिटायर झालेले इंजिनियर, टी. टी. नगरच्या सरकारी ऑफिसांतले बाबू, त्यांच्या बायका, सगळे चपला काढून मुकाट उभे होते.

आत दिवाणावर माझी भाची शमिका बसली होती. वय दहा, इयत्ता पाचवी. कपाळावर मळवट, केसांत गजरा. एकेक जण मोबाईल तिच्यापुढे धरी, ती उजव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवी आणि पाच पानं उलटत.

"तीन राण्या," शेजारी उभा असलेला हर्षल ओरडून सांगे. मोबाईलमधून विजयाची धून वाजे. "जीत. काका, चेक करून घ्या, खात्यात आले की नाही?"

काका चेक करत. पैसे आलेले असत. लगेच 'जय माता दी' सुरू होई आणि पुढचा मोबाईल सरके.

हा काय प्रकार होता ते सांगते. पडद्यावर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती बदलायची. जोडी, तिकडी, चौकडी जमली की पैसे मिळतात. याला व्हिडिओ पोकर म्हणतात. कॅसिनोत त्याची कपाटाएवढी यंत्रं असतात. हर्षल देवतळेच्या कृपेने ते कपाट आता पिपलानीतल्या प्रत्येकाच्या खिशात आलं होतं. हा हर्षल टी. टी. नगरच्या मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्त करायचा. आता तो शमिकाचा पुजारी झाला होता.

"काका, देखो, नीट ऐका," तो प्रत्येक नव्या भक्ताला सांगे. "देवी येते ती कोऱ्या जागी. कोरा नंबर, कोरं ॲप. मी पाठवतो त्याच लिंकवरून घ्यायचं. दुसरीकडून घेतलं तर ऊर्जा कट. आणि एका नंबरावर देवी एकदाच, समझे? लालच करायची नाही."

"ऊर्जा कट म्हणजे नेमकं काय हो?" मी मागून विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ऊर्जा शब्द आला की मला गप्प बसवत नाही.

"मॅडम, पासवर्ड चुकला तर वाय-फाय लागतं का? बस, तसंच."

रांगेतल्या दोन इंजिनियरांनी मान डोलावली. त्या माना धरून हलवाव्यात असं मला फार वाटलं.

सुरुवात मात्र हर्षलने केली नव्हती, अंबरीशने केली. कारखान्यातल्या मित्रांबरोबर तो गोव्याला गेला आणि बोटीवरच्या कॅसिनोत पहिल्यांदाच त्या यंत्रापुढे बसला. बाहेर येऊन घरी फोन केला तेव्हा लेकीला गमतीने विचारलं, "शमू, कुठलं पान ठेवू गं?" ती म्हणाली, "एक्का." आत जाऊन त्याने एक्का ठेवला आणि चार एक्के लागले. घरी आला तो पेढे घेऊनच. पहिला पेढा देवाला, दुसरा शमिकाच्या हातावर. "हिचा हातगुण आहे, ताई," तो मला म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी हसून सोडून दिलं. ही गोष्ट हर्षलच्या कानावर गेली आणि पुढच्याच आठवड्यात तो स्वतःचं ॲप घेऊन हजर झाला.

माझी चूक म्हणा किंवा आळस म्हणा, पहिले काही शुक्रवार मी नुसती चिडवत राहिले. मोठी माणसं खुळावली आहेत, खिसे हलके झाले की येतील भानावर, असं वाटत होतं. मग नारायणकाकांचं प्रकरण झालं.

नारायणकाका अंबरीशचे जुने फोरमन. शमिकाच्या हाताने ते जिंकले होते, मग घरी स्वतः खेळून सगळं घालवून बसले होते. एका दुपारी ते तोच मोबाईल घेऊन आले. "अंबरीश, नियम मला ठाऊक आहे रे. पण पोरीचा हात आणखी एकदा लागू दे. एवढ्या म्हाताऱ्याला नाही म्हणू नकोस."

साहेबांना नाही म्हणायची अंबरीशला सवय नव्हती. शमिकाने बोट टेकवलं. हरली. पुन्हा टेकवलं, पुन्हा हरली. काका पैसे भरत गेले, ती हरत गेली. शेवटी अंबरीशने हर्षलला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"एक तर तुम्ही नियम तोडला," हर्षल म्हणाला. "वरून हात विटाळलेला दिसतो. पोरीनं आज त्या हातानं काय केलं, विचारा."

सगळ्यांनी शमिकाकडे पाहिलं. ती घाबरून म्हणाली, "मी चित्र काढलं. मोराचं."

"बघा," फोनमधून आवाज आला. "शक्ती पेन्सिलीत गेली ना सगळी. भैया, हात झाकून ठेवा. लिहिणं, खाणं, खेळणं, सब बंद. शुक्रवारीच उघडायचा."

त्या संध्याकाळपासून शमिकाचा उजवा हात मनगटापर्यंत लाल कापडात गुंडाळला गेला. मंजूषा, माझी भावजय, तिला घास भरवू लागली. पुढच्या सोमवारपासून पोरीची वार्षिक परीक्षा होती.

"ती लिहिणार कशाने?" मी मंजूषाला विचारलं.

"ताई, ह्यांनी शाळेत सांगितलंय हात मुरगळलाय म्हणून. मी काय करू? काही बोललं की म्हणतात, तुला पोरीचं चांगलं बघवत नाही."

शमिका खिडकीत बसून डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न करत होती. अक्षरं भलतीकडे जात होती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचासुद्धा.

पण नारायणकाकांच्या त्या हरण्यानेच मला वाट दाखवली. तेच बोट, तीच मुलगी. कोऱ्या नंबरावर जिंकते, जुन्यावर हरते. मग गुण हाताचा की कोरेपणाचा? हर्षल स्वतःच तर दर शुक्रवारी ओरडून सांगत होता, कोरा नंबर, कोरं ॲप. उत्तर त्याने नियम म्हणून दारावरच टांगलं होतं आणि आम्ही त्यालाच हात जोडत होतो.

परीक्षेआधीच्या शुक्रवारी मीही रांगेत उभी राहिले. शाळेतल्या दोन शिक्षिकांचे मोबाईल आणले होते, दोन्हींत हर्षलच्याच लिंकवरून घेतलेलं ॲप, एकदाही न उघडलेलं. बरोबर शेजारच्या रत्नप्रभाबाई होत्या. त्यांचे यजमान गेल्यापासून आमच्या लाइनमधल्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नाही. त्या व्हरांड्यात चढल्या तशा पुढच्या बायका जरा सरकल्याच.

माझा नंबर आला. मी पहिला मोबाईल शमिकाऐवजी रत्नप्रभाबाईंपुढे धरला.

"अहो मॅडम, ये क्या?" हर्षल पुढे आला. "त्यांचा हात नको."

"का बरं?" रत्नप्रभाबाईंनी शांतपणे विचारलं. "माझ्या हाताला काय झालंय?"

हे मोठ्याने बोलायची हर्षलची छाती झाली नाही. बाईंनी बोट टेकवलं. तीन राजे, दोन दश्श्या. धून वाजली. व्हरांड्यात कुणी जय म्हणालं नाही.

मग मी पिशवीतून काकडी काढली. तिचं टोक कापून आणलं होतं. मोबाईलच्या पडद्याला बोट काय आणि ओली काकडी काय, दोन्ही सारखीच. दुसऱ्या मोबाईलवर मी काकडी टेकवली. चार गुलाम लागले. मागे दोघीतिघी खुदकन हसल्या.

"योगायोग आहे हा," अंबरीश म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"असेल. मग अजून करून बघू." मी रांगेकडे वळले. "तुमच्या सगळ्यांकडे कोरे नंबर आहेत. शमिकाला त्रास कशाला? आपापल्या बोटाने दाबा."

आधी कुणी हललं नाही. मग एका कारकुनाने दाबलं. मग त्याच्या बायकोने. मग मागचे सगळेच दाबू लागले आणि व्हरांड्यापासून कडुलिंबापर्यंत ती एकच धून, पुढेमागे होत, वाजत राहिली. पहिल्या डावात हरला असा एकही जण त्या रांगेत निघाला नाही. आता सांगा, देवी कुणाकुणाच्या अंगात आली होती?

मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. हे ॲप कुणीतरी बनवलंय आणि नव्या माणसाला पहिले डाव जिंकू द्यायचे, असंच ते बनवलंय. चटक लागली की पुढचे डाव त्याचे. शमिकाचं बोट दर वेळी पहिलंच पडायचं म्हणून ती दर वेळी जिंकायची. दुसरी वेळ येऊ नये म्हणून 'एकदाच'चा नियम. आणि नवीन माणूस लिंकवरून आला की लिंक पाठवणाऱ्याला वाटा मिळतो. 'मित्र आणा, वाटा मिळवा' हे त्या ॲपमध्येच लिहिलेलं आहे, कुणीही उघडून वाचा. लोकांनी उघडलं, वाचलं. मान वर करून पाहिलं तेव्हा हर्षल व्हरांड्यात नव्हता आणि फाटकाजवळची त्याची स्कूटरही नव्हती.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मीही तसंच धरून चालले होते. लोक माझ्याशी नजर न भिडवता चपला शोधू लागले. कुणी शमिकाच्या पाठीवरून हात फिरवला नाही, की पोरी, तुला उगाच बसवून ठेवलं, एवढंही म्हणालं नाही. घर रिकामं झाल्यावर अंबरीशने तिच्या हाताला पुन्हा कापड गुंडाळलं; मी ते सोडायला गेले, तर त्याने माझा हात धरला.

"राहू दे, ताई."

"अरे, आत्ता डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. हर्षल लबाड निघाला. पण शमूचा हात थोडाच लबाड आहे? गोव्याला कुठे होता हर्षल? तिथे तर खरं यंत्र होतं."

"गोव्याला तुझं नशीब लागलं, बाबा. कुणाचं तरी लागतंच. त्या दिवशी त्या बोटीवर जे हरले त्यांच्याही घरी मुली असतील. त्यांनीही लेकींना विचारलं असेल. ते काही पेढे वाटत फिरत नाहीत, म्हणून तुला दिसत नाहीत."

तो ऐकत होता. हुशार आहे माझा भाऊ; बिघडलेल्या मोटरचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतो. पण त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आयुष्यात एकदाच काहीतरी माझ्या बाजूनं झालं, ताई. तेवढं तरी राहू दे की." यावर माझ्याकडे प्रयोग नव्हता.

सोमवारी सकाळी मी शमिकाला परीक्षेला न्यायला गेले. दिवाणावर आमच्या लाइनमधल्या प्रमिलाकाकू बसल्या होत्या. शुक्रवारी रांगेत माझ्या मागेच उभ्या होत्या, काकडी बघून हसणाऱ्यांत त्याही होत्या. आता त्यांच्या हातात नातवाचा मोबाईल होता.

"काकू, तुम्ही?"

"अगं, तुझं सगळं पटलं मला," त्या म्हणाल्या. "ते ॲप काढूनच टाकलं आम्ही. हे दुसरं आहे. म्हटलं, एकदा पोरीचा हात लागू दे. काय जातंय?"

अंबरीश दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मंजूषा आत भांडी घासत राहिली. मी शमिकाजवळ खाली बसले आणि हळूच म्हटलं, "शमू, चल. पेपर आहे. तुझ्या हातात काही नाही गं, ते सगळं खोटं आहे."

"मला माहितीये, आत्या," ती म्हणाली. "शुक्रवारीच कळलं मला. पण मी नाही म्हटलं की बाबा जेवत नाहीत."

आणि तिने स्वतःच दातांनी कापडाची गाठ सोडली आणि काकूंच्या मोबाईलवर बोट टेकवलं. धून वाजली. शाळेची रिक्षा बाहेर दोनदा हॉर्न देऊन निघून गेली. मी तिला उचलून नेलं असतं, पण पोर माझी नव्हती, आणि तिचा बाप दारात होता.

काय जातंय, असं विचारणारे तुम्हीही तुमच्या घरात, शेजारात पाहिले असतील. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. यंत्राला आपला हात कळत नाही. शकुन कळत नाही, सौभाग्य कळत नाही, मूल आहे की काकडी तेही कळत नाही. त्याला बनवणाऱ्याचा हिशेब तेवढा कळतो. जिंकलात तर ते नशीब समजा आणि उठा. हरलात तर तोही तुमचा डाव. मधे पोराबाळांना बसवू नका. कारण काय जातंय ते मी पाहिलं आहे. सोमवारी शमिकाचा गणिताचा पेपर होता, आणि दहा वर्षांची पोर खोटं ठाऊक असूनही, बापानं दोन घास खावेत म्हणून, देवी होऊन बसली होती.