मागच्या चाकांचे ब्रेक

मित्रांनो, माझ्या या चकचकीत हिरव्या रंगावर जाऊ नका. मी एक जुनी जीप आहे. चारही चाकांना जोर मिळणारी, काळ्या मातीच्या चिखलातून भरलेली ट्रॉली ओढून काढणारी. धरणगाव तालुक्यातल्या एका गावात प्रेमराजभाऊ पाटलांच्या घरामागे पत्र्याचं शेड आहे, तिथे माझा मुक्काम. हल्ली लोक माझ्या बॉनेटला टेकून फोटो काढतात. "काय गाडी बनवली भाऊ!" असं म्हणतात. ते ऐकलं की मला नकोसं होतं. कुठे तोंड लपवू असं होतं. का, ते आज तुम्हाला सांगते.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर माझी पहिली दहा वर्षं सरकारी खात्यात गेली. कालव्यांच्या कच्च्या रस्त्यांवर साहेबांना फिरवायचं, धूळ खायची आणि दुपारी झाडाखाली उभं राहायचं. मग नवी गाडी आली आणि जळगावला माझा लिलाव झाला. प्रेमराजभाऊंनी मला घेतलं. तेव्हा ते पस्तिशीचे होते. त्यांच्या हातात कसब होतं. गावात कोणाचं इंजिन बंद पडो, मोटार जळो, आधी हाक भाऊंनाच. कधी मिस्त्री आणावा लागला तर त्यांना ते कमीपणाचं वाटे. "आपण काय मेलो का?" असं म्हणत ते बाह्या सारायचे.

मला चालवायला त्यांनी तोतारामला ठेवलं. मित्रांनो, मला खूप जणांनी चालवलं, पण तोतारामसारखा हात कोणाचाच नव्हता. गिअर बदलताना तो माझ्यावर कधी जबरदस्ती करत नसे. चिखल आला की खाली उतरून पुढच्या चाकांचे हब फिरवायचा, म्हणजे त्यांनाही जोर मिळे, पुन्हा चढायचा आणि पायाचा दाब असा हळू सोडायचा की मी आपोआप वर निघायचे. भाऊंची मुलगी मयुरी तेव्हा लहान होती. तिला तो शाळेत सोडायचा. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणी आम्ही दोघांनी धरणगावच्या दवाखान्यात पोहोचवल्या. गावात आमचं नाव होतं.

सन २००२ ची गोष्ट. दिवाळी झाली होती, कापूस फुटून शेतं पांढरी पडली होती. वेचणीच्या बायका सकाळी ट्रॉलीत बसवून शेतात न्यायच्या, संध्याकाळी गाठोड्यांसकट परत आणायच्या, असं रोजचं काम चाललं होतं. एका संध्याकाळी भाऊंना माझ्या मागच्या चाकाजवळ ओल दिसली. मागच्या ब्रेकचा पाइप गळत होता. तोताराम घरी गेला होता. नवा पाइप जळगावलाच मिळणार होता. वेचणी थांबवावी, तर आभाळ भरून आलेलं.

भाऊंनी पक्कड घेतली. पाइप वाकवला आणि हातोडीनं ठोकून चपटा केला. गळती थांबली. पुन्हा ब्रेक ऑइल भरलं, पायानं दाबून बघितलं, तर ब्रेक कडक लागला. पण तो फक्त पुढच्या दोन चाकांचा होता. मागची दोन चाकं आता मोकळी होती. हे दोघांनाच ठाऊक होतं, भाऊंना आणि मला.

"सकाळी तोतारामला सांगू, जपून चालव म्हणून," असं ते स्वतःशी बोलले. त्यांचा वाईट हेतू नव्हता, मित्रांनो. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

सकाळी तोताराम रोजच्यापेक्षा लवकर आला. पावसाच्या भीतीनं बायकाही लवकर जमल्या होत्या. बारा जणी ट्रॉलीत बसल्या. त्यांत तोतारामची बायको बेबाबाईही होती. मी फाटकाबाहेर निघाले तेव्हा भाऊ ओट्यावर आले. तोंडात दातांचा ब्रश होता. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला. तोतारामला वाटलं, भाऊ निरोप देत आहेत. त्यानंही हात केला. भाऊंच्या तोंडात फेस होता, बोलायचं तर आधी थुंकायला हवं होतं. तेवढ्यात मी वळणावर गेले. त्यांनी हात खाली घेतला.

गावातल्या रस्त्यावर काही कळलं नाही. नाल्याच्या उतारावर मात्र मागून ट्रॉली मला ढकलू लागली. तोतारामनं ब्रेक दाबला. पुढची चाकं धरली, मागची धरेनात. मी आडवी होत गेले. त्यानं शर्थ केली, मला बाभळीकडे वळवलं म्हणून आम्ही नाल्यात पडलो नाही. पण ट्रॉली उलटली. अकरा जणींना खरचटलं, मुका मार लागला. बेबाबाईचा पाय ट्रॉलीच्या फळीखाली सापडला.

पाय वाचला, पण वाकडा जुळला. ती आजही एका बाजूला झुकून चालते.

गावानं तोतारामला चौकात विचारलं. रुपचंद आबा तेव्हा सोसायटीचे चेअरमन होते. सगळ्यांसमोर ते त्याला म्हणाले, "बायास्ना जीव तुन्हा हातमा व्हता. घाई कसाले करी?" तोताराम खाली बघत उभा होता. मीच वेगात होतो, असं त्यानं कबूल केलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. ब्रेक तर पायाला कडक लागला होता, मग चूक आपल्या पायाचीच असणार. भाऊ त्याच गर्दीत उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. बेबाबाईच्या दवाखान्याचं सगळं त्यांनी केलं, म्हणून गावानं त्यांना दिलदार म्हटलं. तेही त्यांनी ऐकून घेतलं.

आणि मी? मला तर तोंडच नव्हतं. पण उतारावर आडवी मीच झाले होते.

तोताराम पुन्हा कधी स्टेअरिंगला शिवला नाही. शेळ्या राखू लागला. मला शेडमध्ये ढकललं गेलं. माझ्यावर खताच्या रिकाम्या गोण्या पडल्या, कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली, टायर जमिनीला चिकटले. भंगारवाले कितीदा आले. भाऊ दर वेळी म्हणायचे, "नाही द्यायची." लोकांना वाटायचं, भाऊंचा गाडीवर जीव आहे. जीव कसला! मला कोणी खोललं असतं तर तो चपटा पाइप दिसला असता. भाऊंना त्याचीच धास्ती होती.

बावीस वर्षं अशी गेली. मयुरी शिकली आणि जळगावला एका संस्थेत मुलांना यंत्रांचं काम शिकवू लागली. ती तिथेच मेहरूण भागात राहायची आणि रविवारी गावी यायची. एका रविवारी तिनं माझ्यावरच्या गोण्या ओढून काढल्या.

"पप्पा, हिला आपण पुन्हा चालू करायची. इथेच, शेडमध्ये. तुम्ही आणि मी."

"काही राहिलं नाही तिच्यात. सोड."

"इंजिन फिरतंय हातानं. मी बघितलं."

भाऊ नाही म्हणत राहिले. पण पोरीचा हट्ट आणि हातांची खाज, दोन्ही त्यांना आवरेनात. शेवटी म्हणाले, "बरं. तू इंजिन बघ. खालचं सगळं मी करतो." मला त्यांचा बेत तेव्हाच कळला.

चार महिने काम चाललं. मयुरीनं इंजिन उतरवलं, पिस्टन साफ केले, क्लचची प्लेट बदलली. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. भाऊंना मी पुन्हा तरुण झालेलं पाहिलं. दुपारचं जेवण मयुरीची आई सुलक्षणावहिनी शेडमध्येच आणून द्यायच्या आणि "आधी हात धुवा" म्हणून दोघांना रागवायच्या. मला वाटलं, असंच चालू द्यावं. मलाही आठवण नको झाली होती.

एका रविवारी, मयुरी यायच्या आत, भाऊ नवा पाइप घेऊन माझ्याखाली शिरले. जुना काढून फेकायचा होता. पण बावीस वर्षांचा गंज. नट हलेना. गुडघे दुखत होते, घाम डोळ्यांत जात होता. तेवढ्यात मयुरीची स्कूटी वाजली. "पप्पा, निघा बाहेर, मी करते," म्हणत ती टॉर्च घेऊन दुसऱ्या बाजूनं आत सरकली.

तिनं टॉर्चचा झोत पाइपवर धरला.

"पप्पा, हा पाइप कोणीतरी मुद्दाम चपटा केलाय."

"असेल कोण्या मिस्त्रीनं केला."

"म्हणजे मागचे ब्रेक बंदच होते." तिचा आवाज बदलला. "तुम्ही हिला कधी मिस्त्रीकडे दिलीच नाही."

भाऊ बाहेर सरकून स्टुलावर बसले. मयुरीही आली. तिच्या केसांत गंजाची पूड पडली होती.

"मी आठ वर्षांची होते. तोतारामकाका आता मला शाळेत का सोडत नाहीत, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलं होतं?"

भाऊ हातातला पाना पुसत राहिले.

"बेफिकीर माणूस आहे, असं सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्यांना साधी हाक मारली नाही. शेळ्या घेऊन समोरून आले तरी मी मान वळवून जायचे, पप्पा."

ती स्कूटी काढून निघून गेली. पुढचे दोन रविवार आली नाही. भाऊ रोज शेडमध्ये यायचे, काम न करता बसायचे. एकदा त्यांनी माझ्या मडगार्डवर कपाळ टेकलं. मित्रांनो, लाज कशी असते ते मी त्या दिवशी पाहिलं. ती धड रडूही देत नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी भाऊ स्वतः तोतारामच्या घरी गेले आणि त्याला आणि बेबाबाईला घेऊन आले. तोताराम शेडच्या दाराशीच थांबला. मला बघून त्यानं नजर वळवली.

"काय काम काढं, भाऊ?"

भाऊंनी तो पाइप एव्हाना खोलून काढला होता. तो त्याच्या हातावर ठेवला. "मी चपटा कया हाऊ. आदल्या दिवशी. तुले सांगानं राही गयं. आनि मंग... मंग मी सांगंच नही. चूक तुन्ही नव्हती, मन्ही व्हती."

तोतारामनं पाइप उलटसुलट केला. पक्कडीच्या दातांच्या खुणा त्यानं बोटानं चाचपल्या. जुना ड्रायव्हर तो. त्याला एवढं पुरे होतं.

"बावीस वरीस," तो म्हणाला. "बावीस वरीस मी मन्हा पायले शिव्या देत उनू."

भाऊ त्याच्या पायाशी वाकू लागले तशी बेबाबाईनं त्यांना अडवलं. एवढा वेळ ती भिंतीला धरून उभी होती. "आठे नको," ती म्हणाली. "शेडमा आम्हले सांगीसन काय व्हई? जठे यास्ले बोल लागना, तठे सांगा. बठ्ठा गावले सांगा."

म्हणजे चौकात, जिथे तोतारामला बोल लागला होता, तिथे सगळ्यांसमोर. भाऊंना ते जड होतं. पण ते 'हो' म्हणाले.

भाऊंनी फोन करून हे सांगितलं, तशी मयुरी त्याच दिवशी आली. बापलेकींनी नवा पाइप बसवला आणि मागचे ब्रेक चार वेळा तपासले. पुढच्या आठवड्यात मयुरीनं मला चौकात नेलं. बावीस वर्षांनी मी गावात दिसले म्हणून माणसं गोळा झाली, हसू लागली, रंगाचं कौतुक करू लागली. भाऊ सोसायटीच्या ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पक्कड, हातोडी, ओट्यावरची ती सकाळ, काहीही लपवलं नाही. माझ्या बॉनेटला टेकलेल्यांनी हात मागे घेतले.

रुपचंद आबा आता फार थकले आहेत. काठीवर हनुवटी टेकून ते म्हणाले, "आते जुनं कसाले उकरी काढस रे, प्रेमराज?"

उत्तर बेबाबाईनं दिलं. "आबा, तुम्हले जुनं. मी रोज चालस या पायवर."

आबांनी मान खाली घातली. मग उठून, काठी टेकत, तोतारामजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

भाऊंनी माझी चावी तोतारामपुढे धरली. "एक चक्कर मार."

त्यानं चावीकडे पाहिलं, घेतली नाही. "आते डोयास्ले दिसत नही, भाऊ. ती येळ गई."

मग घरी जायची वेळ झाली. बेबाबाईला चालवत नव्हतं, म्हणून ती माझ्या पुढच्या सीटवर बसली. मयुरीनं मला पहिल्या गिअरमध्ये टाकलं. तोताराम गाडीत बसला नाही, पण माझ्या दाराला हात लावून शेजारून चालत राहिला. मयुरी मला त्याच्या चालीनं नेत होती. मधेच तिनं "काका" अशी हाक मारली. तोतारामनं मान हलवली, एवढंच. सगळ्यांच्या मागे, चार पावलं सोडून, प्रेमराजभाऊ एकटे येत होते. त्यांना मागे वळून 'या' असं कोणी म्हटलं नाही.

मित्रांनो, माझं बहुतेक सगळं नवं झालं. पत्रा मिळाला, टायर मिळाले, रंगही मिळाला. तोतारामची गाडी चालवायची वर्षं मात्र कुठल्या दुकानातून आणायची? म्हणून माझी एक विनंती आहे. आम्हा गाड्यांना वेळेवर तेल द्या, पुसा, आमची काळजी घ्या, हे तर आहेच. पण कधी घाईत आमची तात्पुरती दुरुस्ती केलीत, तर जो आम्हाला चालवणार आहे त्याला निघायच्या आधी गाठा आणि सांगा. तोंड धुवायचं राहिलं तरी चालेल. आणि सांगायचं राहूनच गेलं, तर दुसऱ्या दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी सांगायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण ती एका दिवसाची असते.