वज्रलेपाखालचा गंज

"बघा, बघा! काळा पडायला लागला!"

कुणीतरी ओरडलं आणि सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या कार पार्कमध्ये जमलेली पन्नासेक माणसं एकदम पुढे सरकली. मधोमध घडीच्या टेबलावर कुठल्याशा जुन्या गाडीचा, गंजून लालभडक झालेला पत्रा ठेवला होता. दिलीप परुळेकरांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत तांब्यातल्या तपकिरी 'तीर्था'त ब्रश बुडवला आणि पत्र्यावर फिरवला. लाल गंज बघता बघता जांभळट झाला आणि थोड्या वेळात काळाकुळकुळीत.

"मंडळी, गंज म्हणजे लोखंडाला झालेली बाधा!" दिलीप हात उंचावून म्हणाले. "खरवडलीत तर ती चिडते आणि आत शिरते. तिला शांतच करावं लागतं. गिरनारच्या महाराजांनी मला ही विद्या दिली. वर्कशॉपवाला काय सांगतो? गाडी धुवा, घासा, दोन दिवस वाळत ठेवा! कशाला? माझ्याकडे अर्ध्या तासात मोकळे. गंजावर तीर्थ आणि तीर्थावर हा वज्रलेप. देवाच्या मूर्तीला करतात ना, तोच!"

टाळ्या पडल्या. १९९६ सालची ही गोष्ट. सिंगापुरात गाडी ठेवायची तर नुसती परवानगीच गाडीच्या मोलाची. त्यातून बारमाही दमट हवा आणि शेजारी समुद्र. गाडी टिकावी म्हणून माणसं काय वाटेल ते करायला तयार असत. त्या गर्दीत पुण्याचे दोन सॉफ्टवेअर इंजिनियर होते, एक बँकेतले मॅनेजर होते, आणि सगळे हात जोडून उभे होते.

मी एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. बाधा झालेलं लोखंड मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बहिणीला, संजीवनीताईला, मी म्हटलं, "ताई, लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज चढतो. ते मंत्राने कसं थांबेल?"

"अनुजा, तुझी लॅबोरेटरी घरी ठेव गं," ती हसून म्हणाली. "भाऊबीजेला ओवाळते मी त्यांना. दिलीपभाऊ मला फसवतील?"

तिच्या विश्वासाला कारण होतं. दिलीप आणि रघुवीर भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, दोघंही मरीन इंजिनियर. कित्येक वर्षं एकाच कंपनीच्या जहाजांवर होते. एकदा इंजिन रूमला आग लागली, तेव्हा धुरात बेशुद्ध पडलेल्या भावोजींना दिलीपनीच खांद्यावर घालून बाहेर आणलं होतं. पुढे दिलीपनी बोट सोडली आणि हा लेपाचा धंदा मांडला. भावोजींना मंत्राचं सोंग कळत नव्हतं असं नाही. "त्याला पोट आहे, चार लोक जमवायला करतो नाटक," असं म्हणून ते सोडून देत. पण ताईची व्हॅन लेपासाठी द्यायची ठरली तेव्हा त्यांनी बोटीवर जाण्याआधी दिलीपना बाजूला घेऊन बजावलं होतं. मी तिथेच होते.

"दिल्या, लोकांपुढे काय करायचं ते कर. पण या गाडीचं खालून सगळं घासून, प्रायमर मारून मग लेप दे. संजीवनीचं रोज जेवणाचे डबे पोचवायचं काम आहे आणि बरोबर आमची पोर गार्गी असते."

"अरे, हे सांगायला लागतं का?" दिलीप दुखावल्यासारखे म्हणाले. "वहिनींची गाडी मी स्वतः आडवा पडून घासीन."

गाडी लेप लावून आली तेव्हा खालून तुळतुळीत काळी दिसत होती. "वहिनी, सगळं घासून दिलंय," दिलीप म्हणाले. ताईने गाडीला हळदकुंकू वाहिलं.

सात-आठ महिने गेले. एका दुपारी बुकित तिमाहच्या बाजूला डबे देऊन ताई आणि गार्गी परत येत होत्या. उताराला पुढचा सिग्नल लाल झाला. ताईने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. समोर रस्ता ओलांडणारी माणसं. तिने हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडच्या कठड्यावर घातली. बाहेर कुणाला लागलं नाही. ताईचं मनगट मोडलं. गार्गीची हनुवटी फाटली, टाके पडले. हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा ती पोर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मलाच समजावत होती, "मावशी, आय ओके लाह. डोंट क्राय." आणि ताई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मी ब्रेक दाबला होता गं. खरंच दाबला होता."

भावोजी मिळेल त्या विमानाने आले. वर्कशॉपमध्ये व्हॅन लिफ्टवर चढवली होती. खालचा लेप कुठेही उललेला नव्हता. भावोजींनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लेपावर जरासा दाबला. भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो आत गेला आणि आतून तांबडं पाणी ठिबकायला लागलं. ब्रेकच्या तेलाची नळी लेपाआड कुजून फुटली होती. पाणी निघून जायला गाडीच्या तळाला जी बारीक भोकं असतात, ती लेपाने पक्की बुजवली होती. भावोजींनी एक खपली काढून उलटी केली. आतल्या बाजूला जाड, ओला गंज जसाच्या तसा.

"घासलंच नाही," ते म्हणाले. "एकदासुद्धा ब्रश फिरवलेला नाही."

त्यांनी ती खपली रुमालात गुंडाळून खिशात घातली. जहाजाचा पत्रा लख्ख होईपर्यंत घासल्याशिवाय रंगाचा हात लावायचा नाही, हे याच दिलीपबरोबर ते शिकले होते.

पुढच्या रविवारी नेहमीसारखी गर्दी जमली. दिलीपनी मंत्र म्हटला, पत्रा काळा झाला, टाळ्या झाल्या. मी पुढे गेले.

"दिलीपभाऊ, मीही करून बघू?"

ते गडबडले, पण लोकांसमोर नाही म्हणवेना. मी पिशवीतून बाटली काढली, तशाच एका गंजक्या पत्र्यावर बोळ्याने पाणी फासलं आणि मंत्राच्या जागी मोठ्याने सतराचा पाढा म्हटला. लोक हसले. पाढा संपेपर्यंत पत्रा जांभळा पडला होता. मग काळा झाला.

"तुम्हालाही महाराज भेटले की काय?" बँकेतले मॅनेजर श्रीनिवास म्हणाले.

"हे त्रिफळा चूर्ण आहे. रात्री भिजत घातलं होतं," मी म्हटलं. "यातल्या हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते गंजाला लागलं की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे, ती याच्यामुळेच काळी. तुमच्या घट्ट चहातही टॅनिन असतं. गंजाचा फक्त वरचा थर बदलतो. आता खाली काय आहे ते बघा."

मी दिलीपच्या पत्र्यावर हातोडी मारली. काळा पापुद्रा उडाला आणि खालून लाल भुकटी टेबलावर सांडली. त्यावर डांबरासारखा जाड लेप दिला की ओल आत कोंडते, गंज आत वाढत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही, हे सांगून मी ताईच्या गाडीची खपली सगळ्यांच्या हातात फिरवली.

एवढ्यात भावोजी दिलीपच्या स्वतःच्या गाडीपाशी गेले आणि टॉर्च घेऊन तिच्याखाली सरपटत शिरले. बाहेर आले तेव्हा पांढरा शर्ट मातीने भरला होता.

"झिंकचं प्रायमर आहे. दोन हात," ते दिलीपना म्हणाले. "वर मेण मारलंय. पाण्याची भोकं मोकळी. फार सुंदर काम केलंयस, दिल्या. मग माझ्या घरच्यांना हे का?"

"रघू, त्या आठवड्यात फार कामं होती रे..." दिलीप म्हणाले. "वाटलं, एवढ्यात काही होणार नाही."

ताई प्लास्टरमधला हात सावरत पुढे आली. "भाऊ, वेळ नव्हता तर तसं सांगायचं. मी थांबले असते. घासलं म्हणून का सांगितलंत?"

दिलीपनी पत्रे गोळा केले. त्यांनी टेबल मिटलं आणि ते निघून गेले. त्यानंतर भावोजींनी त्यांचं नाव घेतलं नाही. आगीतून बाहेर काढणारा माणूस असं करूच कसा शकतो, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. मलाही मिळालेलं नाही.

गर्दी पांगताना श्रीनिवास माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "परुळेकर खोटा निघाला हो, पण ते गिरनारचे महाराज खरे असतील. त्यांचा पत्ता मिळेल का?"

म्हणून हे लिहिते आहे. गंजाला राग येत नाही आणि दयाही येत नाही. तो घासून काढा, जागा धुऊन कोरडी करा, प्रायमर द्या, मग चांगला लेप द्या, आणि पाण्याची वाट बुजवू नका. या कामाला वेळ लागतो. वेळ लागणार नाही असं कुणी म्हणालं तर का लागणार नाही ते विचारा, आणि वाकून खाली बघा. सांगणारा आपला असला तरी विचारा. आपल्या माणसाला विचारायचंच राहून जातं.