जुन्या राजाच्या नावाची पाटी

मित्रांनो, मी तुमच्या तळहातावर मावेन एवढीच आहे. बॅबिलोनची मातीची पाटी मी, फार जुनी. युफ्रेटिसच्या काठची माती मळून बलातू लेखनिकाने मला थापलं आणि मी ओली असतानाच बोरूने अक्षरं टोचली: काश्शायाबाई आपल्या दासीला, नुप्ताला, मुक्त करत आहेत; बाई जिवंत असेपर्यंत नुप्ताने त्यांना सांभाळावं. खाली त्याने राजाचं नाव आणि वर्ष घातलं. बाईंकडे मोहर नव्हती, म्हणून त्यांनी माझ्या कडेत नख रुतवलं. आमच्याकडे ते चालतं.

घोळ असा झाला, की आदल्याच दिवशी इराणी फौज शहरात शिरली होती. राज्य गेलं होतं. आमच्या गल्लीत मात्र कुणाला पत्ताच नाही!

नुप्ताने दीड वर्ष बाईंचं सगळं केलं. बाई गेल्या. त्यांना पुरून दोन दिवस होत नाहीत, तोच त्यांचा भाचा शूला तिला ओढत न्यायाधीशांपुढे घेऊन गेला.

"पाटी खोटी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी हिच्यावरचा राजा राजाच नव्हता! आत्याने हिला सोडलंच नाही. ही आता माझी."

"काय रे बलातू, शुद्धीवर होतास ना?" म्हाताऱ्या न्यायाधीशांनी लेखनिकाला बोलावून विचारलं.

"होतो, महाराज. सतरा वर्षं तेच नाव लिहीत होतो. हात आपोआप चालला."

पाटी फोडली की लिहिलेलं रद्द, ही आमची रीत. आम्ही दोघीही घाबरलो होतो.

न्यायाधीशांनी माझी कड बोटाने चाचपली. "शूला, जुन्या राजाच्या वेळी मी इथेच बसायचो. मग माझे तेव्हाचे निवाडेही मोडू का? राजा गेला, ठीक आहे. नख तुझ्या आत्याचंच ना?"

शूला खाली बघत पुटपुटला, "तिचंच."

"मग घरी जा."

नुप्ता सुटली. पण दासींच्या हातावर मालकिणीचं नाव डागतात, ते काही पुसलं जाईना. वेशीवर पहारेकरी हटकायचे, "कुणाची गं तू?" ती मला पुढे करायची. आयुष्यभर तिने मला कमरेला बांधलं. तिच्या अंगठ्याने माझा एक कोपरा झिजून गुळगुळीत झाला.

आता मी संग्रहालयात काचेमागे असते. साम्राज्य बदललं त्या वर्षाची पाटी म्हणून विद्वान येतात, राजाचं नाव वाचतात. वाचोत बापडे. मित्रांनो, मला जपा, पण तो झिजलेला कोपरा भरून नीट करू नका. नुप्ता तेवढीच उरली आहे.