सत्तावीस नंबरचा बिल्ला

तरणतलावावरच्या जीवरक्षक शिट्टीताईने खुंट्यांवरून बोट फिरवत बिल्ले पुन्हा मोजले. पंचवीस, सव्वीस, मग एक मोकळी खुंटी, मग अठ्ठावीस. बोट मोकळ्या खुंटीवर थांबलं.

“मावशी, सत्तावीस परत आला नाही.”

खिडकीआड बसलेल्या बिल्लेमावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. “येईल गं. बसली असेल कुणीतरी केस पुसत.”

“आत कुणी नाही. शॉवर बघून आले, संडासही बघितले. कुणाला दिला होतात?”

मावशींनी रजिस्टर जवळ ओढलं, उघडलं, ओळींवरून बोट खाली खाली नेलं आणि मध्येच पुन्हा मिटून त्यावर दोन्ही हात ठेवले.

“उंचशी होती बघ. निळ्या टोपीची.”

निळी टोपी शिट्टीताईने पाहिली होती. खोल बाजूच्या कठड्याला धरून ती बाई बराच वेळ पाय मारत होती. ती पाण्यातून वर आलेली पाहिली का? ते मात्र काही केल्या आठवेना.

ती धावतच काठावर आली. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती, बायकांची वेळ संपली होती आणि पाणी अगदी निवांत होतं. पण ते दुधाचे हात धुतल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. उथळ बाजूच्या दोन पायऱ्या दिसत, तिसरी अंदाजाने समजायची. खोल बाजूचा तळ, त्यावरच्या काळ्या पट्ट्या, काहीच नाही. गाळणीचा पंप बारा दिवसांपासून खोकत होता. तिने पालिकेच्या उद्यान आणि क्रीडा विभागाला तीन पत्रं लिहिली होती. आज सकाळी न राहवून अधीक्षकांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “आजचा दिवस चालवून घ्या. उद्या माणूस येतोय.”

तळाची पट्टी दिसली नाही तर तलाव उघडायचा नाही, असं परिपत्रक तिच्याच टेबलाच्या काचेखाली होतं. दोन वर्षांपूर्वी पालिकेच्या दुसऱ्या एका तलावात माणूस बुडाला आणि त्याचे कपडे संध्याकाळी झाडूवाल्याला मिळाले, तेव्हापासूनचं. बिल्ले, रजिस्टर, दोघींनी मिळून करायची मोजणी, सगळं त्यानंतर आलं. पण बायकांची ही एकच वेळ होती. ती मिळवायला वर्ष गेलं होतं आणि काढून घ्यायला एक बैठक पुरली असती. सकाळी फाटकाशी बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. तिने कडी काढली होती.

“काका,” तिने पंपघराकडे तोंड करून हाक मारली. “पंप बंद करा. अधीक्षकसाहेबांना फोन लावा. एका निळ्या टोपीच्या बाईचा बिल्ला आला नाही म्हणावं, मी पाण्यात उतरतेय.”

पंपवाले काका हातातलं फडकं टाकून बाहेर आले. तोवर तिने उडी मारली होती.

खाली डोळ्यांचा उपयोग नव्हता. तिने हातांवर भिस्त ठेवली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फरशी चाचपडत जायचं, वर यायचं, श्वास घ्यायचा, हातभर बाजूला सरकायचं, पुन्हा खाली. शिकवताना ती हे मुलींकडून खेळासारखं करून घ्यायची, तळाशी टाकलेली चकती शोधायला लावून. आता एक केसांची पिन लागली. एक खडा लागला. तिसऱ्या फेरीला काहीतरी मऊ बोटांत आलं, लांब, पाण्यात हेलकावणारं, आणि तिच्या तोंडून सगळी हवा सुटली. तिने ते मुठीत धरून वर ओढलं. टॉवेल होता. कुणाचा तरी पिवळा टॉवेल, जाळीत अडकलेला.

काठावर हात टेकून ती खोकत राहिली.

“साहेब निघालेत,” काका वाकून म्हणाले. “बागेतच आहेत, झोपाळ्यांपाशी. मी येईपर्यंत कुठं बोलू नका म्हणाले.”

“किती वेळ झाला?”

“बारा मिनिटं.”

बारा मिनिटं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती पुन्हा खाली गेली.

मघापासून एक आकडा तिच्या डोक्यात घोळत होता. पावणेअकराला तिने नियमाप्रमाणे पाण्यातली डोकी मोजली होती. तेहतीस. रजिस्टरमध्ये चौतीस होती. एक गेली असेल आत, असं मनाशी म्हणून तिने पुढची शिट्टी वाजवली होती. मनाशी म्हणून. कुणाला न विचारता.

पुढच्या वेळी ती वर आली तेव्हा फाटकाशी गलका होता. सव्वाअकराच्या वेळेचे आजोबा लोक दाराशी जमले होते आणि त्यांच्यामधून वाट काढत एक उंच बाई जाळीपर्यंत आली होती. केस ओले, हातात निळी टोपी.

“अहो, माझा कंगवा राहिला का हो आत?”

काकांनी आनंदाने दोन्ही हात वर केले. “ही बघा, ही बघा सापडली.”

शिट्टीताई पाण्यातून कशी बाहेर आली, तिचं तिलाच कळलं नाही. ती जाळीला धरून उभी राहिली. समोरच्या बाईला कवटाळावं की रागवावं, ते ठरेना.

“तुमचा नंबर सत्तावीस होता ना? बिल्ला घेऊन गेलात.”

“बावीस,” बाई गोंधळून म्हणाली. “आणि दिला की मी खिडकीत. त्या मावशींच्या हातात दिला.”

शिट्टीताईने वळून पाहिलं. बावीसच्या खुंटीवर बिल्ला होता.

भांड्यात पडलेला जीव पुन्हा टांगणीला लागला. काकांचे हात खाली आले.

“अग्निशमनला फोन लावा,” ती म्हणाली.

“साहेब म्हणाले...”

“साहेबांना मी सांगते. लावा तुम्ही.” मग तिला वाटलं, पहिला प्रश्न ते हाच विचारतील की कोण होती. नाव काय, घरचं कोण. “थांबा, अर्धं मिनिट. त्या नंबरचा लॉकर उघडून बघते, म्हणजे नाव तरी सांगता येईल.”

जादा किल्ल्यांचा जुडगा तिच्या गळ्यातल्या दोरीलाच होता. ओल्या बोटांतून किल्ली दोनदा निसटली. सत्तावीस नंबरचं पत्र्याचं दार उघडलं, तेव्हा तिने आधी डोळे मिटून घेतले. मग पाहिलं.

तपकिरी पर्स. चेन बिघडलेली, तोंडाशी सेफ्टी पिन लावलेली. खाली स्टीलचा चपटा डबा. त्यावर घडी घालून ठेवलेला गुडघ्याचा पट्टा.

ती पर्स रोज खिडकीच्या टेबलाखाली असायची. तो डबा दुपारी दीड वाजता ती आणि मावशी मिळून उघडायच्या.

शिट्टीताई लॉकरसमोर उभी राहिली. अंगावरून पाणी ठिबकत होतं आणि पायांशी त्याचं थारोळं होत होतं. तिने दार हळूच लावलं, किल्ली फिरवली आणि खिडकीपाशी आली.

“मावशी, रजिस्टर बघू जरा.”

मावशींनी हात बाजूला घेतले. पान आजचंच होतं. मावशींचं अक्षर पूर्वीसारखंच होतं, एकसारखं, टपोरं. सव्विसाव्या ओळीत एका शिक्षिकेचं नाव. अठ्ठाविसाव्या ओळीत तिच्या बहिणीचं. मधल्या ओळीत मावशींनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. वयाच्या रकान्यात लिहिलं होतं, एकोणीस.

मावशी गुडघ्यांनी दगा दिल्यावर या खिडकीत आल्या होत्या. त्याआधी वीस वर्षं त्या याच पाण्यात शिकवायच्या. सात वर्षांच्या शिट्टीताईच्या पोटाखाली तळहात धरून “मी सोडत नाही, मार पाय” म्हणणाऱ्या आणि म्हणता म्हणता हात काढून घेणाऱ्या त्याच. गेल्या महिन्यात त्यांनी एकाच सकाळी दोनदा विचारलं होतं, तुझ्या आईचं पडसं गेलं का. दोन्ही वेळा शिट्टीताईने हसून सांगितलं होतं, गेलं. दुसऱ्या वेळी जरा जास्तच हसून.

मावशींच्या स्वेटरच्या खिशातून लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं.

“खिशात काय आहे, मावशी?”

मावशींनी खिशात हात घातला. आधी रुमाल निघाला, मग पितळी बिल्ला. त्यांनी तो उलटून पाहिला, नंबर वाचला आणि जराही नवल न वाटता तिच्यापुढे धरला. “हा बघ. लाव जागेवर.”

तिने तो खुंटीला लावला. चौतीस झाले. पाण्यात तेहतीस होत्या आणि तेहतीसच बाहेर आल्या होत्या. तिची मोजणी बरोबर होती.

“ताई, लावू ना फोन?” काका दारातून विचारत होते.

“नको, काका. सगळ्या आहेत. माझीच चूक झाली.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि ते पंपघराकडे वळले.

अधीक्षक आले ते जवळजवळ पळतच. बागेच्या दुसऱ्या टोकाला झोपाळ्याची साखळी बदलून घेत होते. बुटांना चिखल, हाताला वंगण. “कोण आहे? कुठे आहे?”

“कुणी नाही, साहेब. सगळ्या घरी गेल्या. मोजण्यात घोळ झाला माझ्याकडून.”

ते बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी तोंडावर हात धरून ठेवला. हात काढला तेव्हा गालावर वंगणाचा पट्टा उमटला होता.

“येताना सगळं डोळ्यांसमोर आलं,” ते म्हणाले. मग घसा साफ करून, “लेखी द्यावं लागेल.”

तिने टॉवेल खांद्यावर घेऊन तिथेच लिहिलं. चार ओळी. त्यांनी कागद वाचला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“तळ दिसत नसताना तलाव उघडला. हे कशाला लिहिता?”

“उघडला म्हणून.”

“मीच म्हणालो होतो, चालवून घ्या.”

“तुमचं नाव नाही घातलं मी.”

“ते विचारतीलच, कुणी सांगितलं म्हणून.”

ती पाण्याकडे बघत राहिली. खाली कुणी नाही हे आता पक्कं ठाऊक होतं, तरी त्या पांढुरक्या पाण्यावरून तिची नजर हटत नव्हती. साहेबांनीही तिकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि तिच्या ओळींखाली लिहिलं की गाळणी दुरुस्त होईपर्यंत तलाव बंद ठेवावा, आज सकाळी तो सुरू ठेवण्याची तोंडी सूचना माझी होती. सही करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“मोजणी दोघींची असते,” ते उठता उठता म्हणाले. “खिडकीची सही?”

“त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत, साहेब. त्यांना नको यात.”

साहेबांनी खिडकीकडे नजर टाकली. मावशी पदराने चष्म्याची काच पुसत होत्या. “बरं,” ते म्हणाले. आपण नक्की कशाला होकार दिला, ते त्यांना कळलं नव्हतं. तिला मात्र कळलं होतं. उद्या तलाव बंद राहील. परवाही. त्यानंतर कधीतरी पाणी पुन्हा निवळेल, फाटक उघडेल, आणि खिडकीत कुणीतरी बसावंच लागेल.

आजोबा लोक कुरकुरत परतले. साहेब फाटकावर पाटी लावायला सांगून गेले. तलावावर दोघीच उरल्या. शिट्टीताई कपडे बदलून आली, खिडकीच्या आतल्या बाजूला स्टूल ओढून बसली. तिचे हात अजून गार होते. मावशींनी ते आपल्या हातांत घेऊन चोळले, लहानपणी चोळायच्या तसेच.

“किती वेळ पाण्यात होतीस. सापडली का गं ती?”

“सापडली.”

“कुठे होती?”

“इथेच होती, मावशी.”

मावशींनी सुस्कारा सोडला. “बाई, बाई. माझं काही लक्षच लागेना. बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“तरी तिच्या घरी कळव हो. घरचे काळजी करत असतील.”

“हो,” शिट्टीताई म्हणाली. “आत्ताच कळवते.”

ती उठून लॉकरच्या रांगेपलीकडे गेली. मावशींच्या लेकीचा नंबर तिच्याकडे कित्येक वर्षं होता. सणवाराला निरोप जायचा, फोन कधी केला नव्हता. सुरुवात कशी करायची, याची जुळवाजुळव ती मनात करत होती. रजिस्टरपासून सांगावं की पडशापासून. घंटा पुरती एकदाही वाजली नव्हती, तोच पलीकडून फोन उचलला गेला.

“ताई?” लेक म्हणाली. “आज काय झालं?”