दुसरा पलंग

कोणी विचारलं की नोलीन आकडा महिन्यांत सांगायची. सव्वीस महिने. दोन वर्षं म्हटलं की समोरचा मान डोलावून पुढच्या विषयाला लागतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. सव्वीस महिन्यांपूर्वी तिनं आपल्या बायकोला, रेस्टीला, कॅनडात कायम राहू द्या म्हणून अर्ज केला होता, आणि तेव्हापासून दोघी कचेरीला खेटे घालत होत्या. बोटांचे ठसे दोनदा देऊन झाले. वैद्यकीय तपासणीसुद्धा दोनदा झाली, कारण पहिली कचेरीच्या कपाटात पडून पडून जुनी झाली. आणि जुनी झाली यात चूक कोणाची, तर अर्ज करणारीची.

नोलीन विनिपेगच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची. तिच्याच पाळीतल्या क्लिफर्डनं क्यूबाला सुट्टीवर असताना एका बाईशी लग्न केलं. ती दहा महिन्यांत इथे येऊन क्लिफर्डशी भांडायलाही लागली. त्यांना कोणी काही विचारलं नाही. नोलीन क्लिफर्डचं अभिनंदन करून आली आणि त्या दिवशी घरी दोन कप फोडले. हातातून निसटले, असं तिनं रेस्टीला सांगितलं.

अर्ज नामंजूर झाला तर रेस्टीला युगांडाला परत जावं लागणार होतं. तिथे आता या दोघींसारख्यांना जन्मठेप आहे. ओळखीच्या एकीनं सुचवलंही होतं, की मग आश्रय माग, तो लवकर मिळतो. नोलीन भडकली. म्हणाली, मी तिच्याशी लग्न केलंय, रीतसर, शिक्का मारून. ती माझी बायको म्हणून राहणार, नाहीतर मी कोर्टात जाईन. ही ऐट होती हे तिलाही ठाऊक होतं. पण इतकी वर्षं मागच्या दारानं ये-जा केल्यावर माणसाला एकदा तरी पुढच्या दारानं आत जावंसं वाटतं, आणि त्यात नोलीनला काही चूक वाटत नव्हती.

शेवटी जानेवारीत मुलाखतीचं पत्र आलं. बाहेर उणे एकतीस. दोघी बसनं गेल्या, ठेवणीतले कपडे जाड कोटांखाली झाकून. नोलीनच्या हातात फुगलेली फाइल होती. रेस्टी रस्ताभर ओठ हलवत होती. प्रार्थना म्हणत असेल असं नोलीनला वाटलं, तर ती नोलीनच्या चपलेचं माप पाठ करत होती. असले प्रश्न विचारतात असं तिनं कुठेतरी वाचलं होतं.

कचेरीत दोघींना वेगवेगळं आत घेतलं. आधी नोलीनला. अधिकाऱ्याचं नाव हॅल्वरसन, पन्नाशीचा, सर्दी झालेला, वागायला अगदी सभ्य. नोलीनचा अनुभव असा, की सभ्य माणसाचा राग करायला जास्त कष्ट पडतात. त्यानं लग्नाचे फोटो टेबलावर मांडले आणि विचारलं, मधली ही बाई कोण?

ही आमची शेजारीण, मिसेस ओकाफोर, नोलीन म्हणाली.

प्रत्येक फोटोत शेजारीण मध्ये आणि तुम्ही दोघी दोन टोकांना. एकाही फोटोत तुम्ही शेजारी शेजारी नाही. स्वतःच्या लग्नात?

नोलीननं फोटोंकडे पाहिलं. खरंच की. युगांडात गावी असताना कॅमेरा समोर आला की दोघी आपोआप बाजूला व्हायच्या आणि मध्ये कोणालातरी ओढायच्या, भाऊ असो, पाद्री असो, रस्त्यावरचं पोर असो. तो नियम इतका अंगात मुरला होता, की विनिपेगच्या नोंदणी कचेरीत, कायद्याच्या डोळ्यांदेखत, दोघींनी बिचाऱ्या मिसेस ओकाफोरना मध्ये घेतलं होतं. तिनं हे समजावून सांगितलं. हॅल्वरसननं लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यानं बाकीचे प्रश्न विचारले. घरात पलंग किती? दोन, नोलीन म्हणाली, पण झोपतो एकावर. दुसरा पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे काही येत नाहीत.

नंतर रेस्टी आत गेली. नोलीन बाहेर बसली आणि भिंतीवरच्या बर्फातल्या अस्वलाच्या चित्राकडे पंचेचाळीस मिनिटं बघत राहिली. मग दोघींना एकत्र बोलावलं. रेस्टीचा चेहरा उतरलेला होता.

हॅल्वरसन म्हणाला, एका ठिकाणी तुमचं उत्तर जुळत नाही. पाहुण्यांचा पलंग कोणी वापरत नाही, असं तुम्ही म्हणालात. यांना मी विचारलं, ह्या कामावर गेल्या की सकाळी तुम्ही काय करता? तर या म्हणाल्या, दोन्ही पलंग आवरते. रोज. ज्या पलंगावर कोणी झोपतच नाही तो रोज आवरायचं काय कारण?

नोलीननं रेस्टीकडे पाहिलं. हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. ती साडेपाचला घर सोडायची.

"अगं, कोण झोपतं त्यावर?" तिनं विचारलं.

"मीच. अर्धा तास," रेस्टी म्हणाली. "तू गेलीस की जाऊन पडते."

"कशाला पण?"

"गादीला खळगा पडायला नको का?"

हॅल्वरसनला काही कळलं नाही. नोलीनला सगळं कळलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॅल्वरसनचा राग होता की रेस्टीचा की आणखी कोणाचा, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

गावी दोघी नालोंगोच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. युगांडात जुळी झाली की बाईचं आधीचं नाव मागे पडतं आणि मान एकदम वाढतो. ही नालोंगो आपल्या मानाला फार जपायची आणि दुसऱ्यांच्या अब्रूवरही बारीक नजर ठेवायची. नोलीन दवाखान्यात नर्स, रेस्टी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आम्ही मामेबहिणी, असं सांगितलेलं. खोलीत दोन पलंग. रोज पहाटे रेस्टी दुसऱ्या पलंगाची चादर चुरगाळायची, उशीला बुक्की मारायची, म्हणजे झाडायला येणाऱ्या बाईला दोन्ही पलंग वापरलेले दिसावेत. वर्षानुवर्षं निभावलं. मग एक दिवस नालोंगोनं स्वतः येऊन चादर उचलली आणि गादीवरून हात फिरवला. एका गादीला दोन माणसांचा खोल खळगा. दुसरी दुकानातून आणली तशीच, सपाट. बाई चादर होती तशी घालून तडक पोलीस ठाण्यात गेली.

दोन रात्री कोठडीत. रेस्टीच्या भावानं, किझिटोनं, जामीन राहून सोडवलं. त्यानंतर वर्षाच्या आत नोलीन कॅनडाला आली, आणि तिच्या मागून तीन वर्षांनी रेस्टी.

"इथे कोण गादी तपासायला येणार आहे?" नोलीन म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"कोणी नाही. मला कळत नाही का?" रेस्टी शांतपणे म्हणाली. "पण कागद हातात येईपर्यंत आपलं काय पक्कं आहे? पाठवलंच परत तर? म्हणून सवय मोडली नाही. आणि या वेळी नुसती चादर नाही चुरगाळत, नीट पडून राहते."

नोलीन हॅल्वरसनकडे वळली. ठरवून आली होती की तोंडावर ताबा ठेवायचा. नाही राहिला.

"साहेब, सव्वीस महिने तुम्ही हिला टांगून ठेवलंत. ही पोस्टमन दिसला तरी दचकते. आणि आता विचारताय, घाबरलेल्या माणसासारखी का वागता? फोटोत लांब का, पलंग दोन का, पत्रं का नाहीत. पत्रं आम्ही जाळायचो. वाचली की चुलीत. तुम्हाला प्रेमाचा पुरावा पाहिजे, आणि आमचं सगळं आयुष्य तो पुरावा नष्ट करण्यात गेलं. चांगलं जमलं आम्हाला ते. म्हणून तर जिवंत आहोत."

हॅल्वरसननं नाक पुसलं. म्हणाला, मला तुमचं पटतंय, पण पटलेलं फाइलीत लावता येत नाही. लग्नाच्या आधीपासून तुमचं नातं होतं असं सांगणारा एक तरी कागद हवा. नात्यातलं कोणी लिहून देईल? घरचं कोणी?

घरच्यांपैकी हे माहीत असणारा एकटा किझिटो. तिकडे हे माहीत असून लपवणं हाही गुन्हा, त्यानं लिहून द्यायचं म्हणजे आपल्याच हातानं फास बनवून द्यायचा. ते कोणी देणार नाही, असं नोलीन सांगणार होती, तेवढ्यात रेस्टीनं पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून घडी करून करून फाटत आलेला एक कागद काढला. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची नक्कल, तिच्याच खाली जामिनाची नोंद. नोलीनला वाटत होतं की तो कधीच जाळला.

"तू हा आणलास? विमानातून?"

"जामिनाचा कागद आहे. पुन्हा पकडलं असतं तर दाखवायला नको?" रेस्टी म्हणाली.

हॅल्वरसननं हात पुढे केला. रेस्टीनं कागद दिला नाही. त्यावर भावाचं नाव, पत्ता, अंगठा सगळं आहे, ती म्हणाली. तुम्ही याची प्रत काढाल, प्रत फाइलीत जाईल, मग कोणीतरी खरंखोटं करायला म्हणून त्याच ठाण्याला पत्र टाकेल आणि ते जामीन राहिलेल्यालाच धरतील. हॅल्वरसन नाही म्हणाला नाही. मूळ ठिकाणी विचारणा होऊ शकते, म्हणाला. मग हा कागद मी देत नाही, रेस्टी म्हणाली, आणि तिनं तो परत घडी करायला घेतला. नोलीनला वाटलं, संपलं. आणि रेस्टी करते तेच बरोबर आहे असंही वाटलं. भावाला तुरुंगात घालून बायकोला घरात ठेवायची, असा व्यवहार तिला करायचा नव्हता. हा व्यवहार माणसांपुढे ठेवणाऱ्यांची तिला किळस आली.

हॅल्वरसननं खुर्ची संगणकाकडे वळवली. तुम्ही वाचून दाखवा, म्हणाला. भावाचं नाव वगळा, गाव वगळा. शपथेवर दिलेला जबाब म्हणून मी उतरवून घेतो. कागद तुमच्याकडेच राहील. माझ्या सहीला तेवढं पुरेल.

रेस्टीनं कागद नोलीनपुढे सरकवला. तो मोठ्यानं वाचणं तिला जमणार नव्हतं. नोलीननं चष्मा लावला आणि वाचलं.

"सदर दोन स्त्रिया गेली आठ वर्षे एकाच खोलीत नवरा-बायकोप्रमाणे राहत आहेत. त्या एका ताटात जेवतात. एकाच पलंगावर निजतात. एकीस ताप आल्यास दुसरी कामावर जात नाही. पगार एका डब्यात ठेवतात. हे सर्व तक्रारदार बाईने स्वतः पाहिले असून त्याबद्दल आमची खात्री झाली आहे."

तिथे ती थांबली. पुढे किळस, पाप, शेजाऱ्यांची मुलं वगैरे होतं.

"एका बाईच्या शब्दावर, साहेब," ती म्हणाली. "फोटो नाहीत, पत्रं नाहीत, ठसे नाहीत. एका दुपारीत त्यांची खात्री झाली. आमच्या नात्यावर इतका विश्वास तुमच्या कचेरीनं सव्वीस महिन्यांत ठेवला नाही."

हॅल्वरसन टाइप करत होता. शेवटी त्यानं पडदा दोघींकडे वळवला. सही करण्याआधी वाचून घ्या, म्हणाला, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा.

रेस्टी पुढे वाकली. सावकाश, शाळेच्या वह्या तपासायची तशी, एकेका ओळीखाली बोट नेत तिनं वाचलं. मग बोट थांबलं.

"आठ नाही, नऊ वर्षं," ती म्हणाली. "पहिलं वर्ष आम्ही नालोंगोच्या आधी बाजाराजवळच्या खोलीत राहत होतो. ते त्यांना कधी कळलंच नाही."

हॅल्वरसननं आठ पुसून तिथे नऊ टाइप केलं.